ग्रीकांचे देव आणि आपले अंतःकरण

(शास्त्रपाठ: प्रेषितांची कृत्ये १४:८-१८, स्तोत्रसंहिता ५०:२१)



गेल्या उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम संपत आला असता आम्ही वैनगंगेकाठच्या एका गावी संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी गेलो होतो. प्रार्थना आटोपली, पण उकाडा काही आटोपला नव्हता. म्हणून मंडळी अंगणातच बसून राहिली. महाविद्यालयात शिकणारा एक तरुण सुट्टीत घरी आला होता. त्याने प्राचीन ग्रीक लोकांच्या देवांच्या कथा वाचल्या होत्या व त्या तो रंगवून सांगू लागला. देवांचा राजा झ्यूस आपल्या पत्नीस कसा फसवितो. त्याची पत्नी हेरा आपला राग नवऱ्याच्या निरपराध लेकरांवर कशी काढिते व पाळण्यातल्या हेराक्लीसावर दोन सर्प कशी सोडते. हर्मेस जन्मला त्याच दिवशी आपल्या भावाची, म्हणजे अपोलोची, गुरे कशी चोरतो. हे ऐकून लहानथोर सर्व पोट धरून हसले. एक वृद्ध बाई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "हे तं आपल्याच गावातले मानसं होत जी. मरत नाई, येवढाच फरक."

त्या आजीच्या शब्दांवर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. तिने दोन गोष्टी सांगितल्या: ते देव म्हणजे आपणच आहो, आणि ते मरत नाहीत. ह्या दोहोंच्या मध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती त्या तरुणाच्या प्रश्नातून निघाली. अशा तीन गोष्टींकडे आज आपण लक्ष देऊ.

पहिली गोष्ट ही की, ते देव म्हणजे आपणच आहो.

त्रोय नगरीचे प्रसिद्ध युद्ध दहा वर्षे चालले, असे ग्रीक कवी सांगतात. ते कशावरून पेटले? लग्नाच्या बोलावण्यावरून! एका लग्नास सर्व देवदेवतांस निमंत्रण गेले. भांडणाची देवता एरिस हिला मात्र गेले नाही. तिने रागाने एक सोन्याचे सफरचंद मांडवात टाकिले व ते सर्वांत सुंदर स्त्रीसाठी आहे असे त्यावर लिहिले. तीन देवी त्यावर हक्क सांगू लागल्या. निवाडा पारिस नावाच्या राजपुत्राकडे गेला, आणि त्या तिघींनीही त्याला लाच देऊ केली: एकीने राज्य, दुसरीने युद्धातील यश, तिसरीने जगातील सर्वांत रूपवती स्त्री. तिसरीची लाच त्याने घेतली. परंतु ती स्त्री दुसऱ्याची पत्नी होती. त्यापायी एक नगर जळून गेले.

बंधूंनो, लग्नाचे बोलावणे चुकल्यामुळे दोन घरांत वीस वर्षे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे आपणांस ठाऊक नाहीत काय? मंडळीच्या पंचांच्या निवडणुकीत एखाद्यास आश्वासन देऊन मत मागितले गेल्याचे आपण ऐकिले नाही काय? मार्स्यास नावाचा एक वनचर बासरी वाजविण्यात अपोलोशी स्पर्धा करू लागला. तो हरला, तेव्हा अपोलोने त्याची जिवंतपणी कातडी सोलली. आपल्यापेक्षा चांगले भजन म्हणणारा कोणी गायनमंडळात आला म्हणजे आपण चाकू घेत नाही हे खरे. तथापि त्याची कातडी सोलण्याचे काम आपल्या जिभा करितात.

डायनायसस हा ग्रीकांचा मद्याचा देव. माणसास जे व्यसन आवरता येत नाही त्यासच ग्रीकांनी देवपण दिले. आपण तर दारूचे देऊळ बांधिले नाही. उलट आपल्या भागातील स्त्रियांनी पुष्कळ वर्षे झगडून ती बंद करविण्याचा प्रयत्न केला. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ पर्यंत होती. पण सरकारी हुकमाने दुकान बंद होते, अंतःकरणातील वेदी बंद होत नाही. ज्या घरी आठवड्याची मजुरी शनिवारी रात्री संपते व रविवारी लेकरे उपाशी मंदिरात येतात, त्या घरी डायनायससची पूजा चालते, मग भिंतीवर क्रूस का टांगलेला असेना. एरीस हा युद्धाचा देव. रक्तपाताची चटक असल्यामुळे तो खुद्द झ्यूसासही आवडत नसे, असे होमर सांगतो. तरीही ग्रीकांनी त्याला देवांच्या पंगतीतून उठविले नाही. गडचिरोलीच्या जंगलाने १९८० नंतर चार दशके बंदुकीचा आवाज ऐकिला आहे. माणूस आपल्या क्रोधास किती मोठा मान देतो हे आपणांस पुस्तकातून शिकावे लागत नाही.

ग्रीकांतील विचारी लोकांस हे दिसत नव्हते असे नाही. ख्रिस्तापूर्वी सहाव्या शतकात झेनोफनीस नावाचा एक ज्ञानी होऊन गेला. माणसांत जी चोरी, व्यभिचार व फसवणूक निंद्य मानितात ती कवींनी देवांच्या माथी मारिली, अशी त्याची तक्रार होती. बैलांस व घोड्यांस हात असते तर त्यांनीही आपापल्या रूपाचेच देव काढिले असते, असा त्याचा अभिप्राय होता. ताडोब्याच्या वाघास हात असते तर त्याने पट्ट्यापट्ट्यांचा देव काढिला असता, असे आपण म्हणू. पुढे प्लेटोनेही आपल्या आदर्श नगरात मुलांस ह्या कथा सांगू नयेत असे ठरविले, कारण देवच असे वागतात तर आपण का वागू नये, असे ती म्हणतील.

परंतु ही थट्टा ग्रीकांपुरती राहील तर आपला काही लाभ नाही. पन्नासाव्या स्तोत्रात परमेश्वर आपल्याच लोकांस दोष देतो. तुम्ही चोराशी संगनमत केले, भावाची निंदा केली, मी उगाच राहिलो, तेव्हा मीही तुमच्यासारखाच आहे अशी तुम्ही समजूत करून घेतली, असे तो त्यांस म्हणतो. हे शब्द ग्रीकांस नव्हे, तर नियमशास्त्र मुखोद्गत असलेल्यांस उद्देशून आहेत. शेताच्या धुऱ्याचा तंटा चालू असता आपण गुडघे टेकून प्रतिपक्षाचा नाश मागतो. तेव्हा आपण ज्याच्यापुढे गुडघे टेकितो तो स्वर्गीय पिता नव्हे, तो आपल्या पक्षाचा एक झ्यूस होय. मुलास नोकरी लागल्यास मंदिरास पंखा देईन, असा नवस आपण बोलतो. तेव्हा आपण देवास पारिस समजून लाच दाखवितो. नाव यहोवाचे, पण मूर्ती आपलीच.

आणि येथे आणखी एक शब्द सांगितला पाहिजे. ग्रीकांच्या कथा ऐकून हसलेल्यांपैकी कित्येक जण मागाहून शेजाऱ्यांच्या देवस्थानांविषयीही हसू लागले. हे आम्हांस बरे वाटले नाही. मार्कंडा येथे महाशिवरात्रीस, चंद्रपुरात महाकालीस चैत्रात, आणि गोंड बांधवांच्या गावी पेनाच्या ठाण्यापाशी जे लोक जमतात, त्यांच्याच बरोबर आपण धानाची रोवणी करितो, मोहफुले वेचतो, त्यांच्याच खांद्यावरून आपली मयते जातात. इफिस येथे दंगल झाली तेव्हा नगराच्या शिरस्तेदाराने पौलाच्या सोबत्यांविषयी साक्ष दिली की, ह्या माणसांनी देऊळ लुटले नाही व आमच्या देवीची निंदा केली नाही (प्रे. कृ. १९:३७). एका मूर्तिपूजक अधिकाऱ्याने दिलेली ही साक्ष मोठी आहे. आपल्या गावचा सरपंच आपल्याविषयी अशी साक्ष देईल काय? आरसा स्वतःचे तोंड पाहण्यासाठी असतो. तो शेजाऱ्यावर फेकण्याचा दगड नव्हे.

दुसरी गोष्ट. मंडळी हसून झाल्यावर त्या तरुणानेच आम्हांस विचारिले, "पाळकसाहेब, आपल्या पवित्र शास्त्रातही याकोब फसवितो, दावीद दुसऱ्याची बायको नेतो, पेत्र खोटे बोलतो. मग भेद तो काय?"

प्रश्न प्रामाणिक होता व आम्ही त्याचे आभार मानिले. भेद हा की, पवित्र शास्त्र त्या माणसांचे दोष झाकीत नाही, आणि त्या दोषांस देवपणही देत नाही. दाविदाने बथशेबा आणिली, उरीयास लढाईत मारविले, आणि राजवाड्यात सर्व शांत झाले. मग परमेश्वराने नाथान संदेष्ट्यास पाठविले (२ शमुवेल १२). त्याने एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, राजाचा न्यायाचा राग जागा केला, आणि तोच राग राजाच्या स्वतःच्या अपराधाकडे वळविला. दाविदाने नाथानास कैदेत टाकिले नाही. त्याने आपले पाप कबूल केले.

झ्यूसाला कोणी नाथान नव्हता. त्याच्याशी भांडणारे पुष्कळ होते; हेरा तर रोज भांडत असे. पण ज्याच्यापुढे त्याने मान खाली घालून पाप कबूल करावे असा कोणी त्याच्या वर नव्हता. मनुष्यांसाठी अग्नी चोरून आणणाऱ्या प्रमीथ्यूसास त्याने खडकाशी जखडले व त्याचे काळीज खाण्यास गरुड पाठविला. म्हणून त्या कथांत कपट आहे, सूड आहे, क्वचित दयाही आहे, परंतु देवाचा पश्चात्ताप फारसा आढळत नाही. अपूर्ण असणे हे माणसाचे दुःख खरे. पण अपूर्ण असून कोणी सांगणारा नसणे ही त्याहून मोठी आपत्ती होय. ज्या पाळकास, ज्या पंचास, ज्या घरच्या कर्त्या पुरुषास कोणी शब्द बोलू शकत नाही, तो आपल्या लहानशा अंगणातला झ्यूस होत चालला आहे असे समजावे.

हे आम्ही दुसऱ्यास उद्देशून सांगत नाही. लुस्त्र येथे काय घडले ते पाहा, व मग आमचीही गोष्ट ऐका.

लुस्त्रात पौलाने जन्मपांगळ्यास उभे केले, तेव्हा लोक आपल्या लुकवनी बोलीत ओरडू लागले की, देव माणसांच्या रूपाने आपणांकडे उतरले आहेत. त्यांनी बर्णबास झ्यूस ठरविले, आणि पौल मुख्य बोलणारा म्हणून त्यास हर्मेस. ही कल्पना त्यांस उगीच सुचली नव्हती. झ्यूस व हर्मेस वेष पालटून जवळच्याच फ्रुगिया प्रांतात आले, हजार घरांनी त्यांस दार लाविले, फक्त एका गरीब म्हाताऱ्या जोडप्याने त्यांस आत घेतले, आणि मग देवांनी ते जोडपे वाचवून बाकीचा मुलूख पाण्यात बुडविला, अशी कथा रोमी कवी ओविद ह्याने लिहून ठेविली आहे. त्याच परिसरात झ्यूस व हर्मेस ह्या दोघांची नावे एकत्र असलेले शिलालेखही सापडले आहेत. म्हणजे लोकांच्या आनंदात भयही होते: ह्या वेळी चूक झाली तर पुन्हा पूर येईल! म्हणून पुजारी बैल व हार घेऊन धावला. तेव्हा प्रेषितांनी आपली वस्त्रे फाडली, गर्दीत शिरले, आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहो असे ओरडून सांगितले.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी जंगलातील एका गावी एक गृहस्थ हिवतापाने आजारी पडला. आम्ही उशाशी बसून प्रार्थना केली. गावच्या आशाताईंनी त्याचे रक्त तपासले, गोळ्या दिल्या, आणि आम्ही त्यास मोटारसायकलवर बसवून आरोग्य केंद्रात नेले. तो बरा झाला. पुढल्या भेटीत त्याच्या घरच्यांनी आमचे पाय धुतले, गळ्यात हार घातला, आणि पाळकसाहेबांच्या हाताला गुण आहे असे सर्वांस सांगितले. आम्ही तोंडाने देवाची स्तुती केली. पण हार काढिला नाही, आणि आशाताईंचे नावही घेतले नाही. तो हार आम्हांस गोड वाटला.

पुढच्या पावसाळ्यात त्याच घरी एका बालकास ताप आला. आशाताई दारी गेल्या, तेव्हा घरच्यांनी त्यांस परत पाठविले. पाळकसाहेब येऊन हात ठेवतील, मग पाहू, असे ते म्हणाले. नाल्याला पूर होता. आम्ही तिसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा बालक शुद्धीवर नव्हते. दवाखान्यात त्यास पुष्कळ दिवस ठेवावे लागले. देवाच्या दयेने व डॉक्टरांच्या श्रमाने ते वाचले. परंतु वाचले नसते तर त्याचा हिशेब कोणाकडे मागितला गेला असता?

दवाखान्याच्या व्हरांड्यात आशाताई आम्हांस म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलले असते, तं या लोकानं माझं आयकलं असतं." त्या आपल्या मंडळीतील नव्हेत, त्यांच्या घरी पेनाची पूजा होते. पण त्या दिवशी परमेश्वराने आमच्याकडे नाथान पाठविला तो त्यांच्या रूपाने. पौलाने वस्त्रे फाडली. आम्ही हार मिरविला. देव होण्यासाठी माणसास ऑलिंपस पर्वतावर चढावे लागत नाही. योग्य वेळी गप्प बसले म्हणजे पुरते. त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्याच गावी उभे राहून हे सर्व सांगितले व आशाताईंची क्षमा मागितली. आता तेथे उपासना संपताच तापाच्या रुग्णांची सूचना त्याच देतात, आणि आम्ही ऐकणाऱ्यांत बसतो.

तिसरी गोष्ट ही की, ते देव मरत नाहीत.

ग्रीक आपल्या देवांस अमर म्हणत, व आजीने नेमके हेच ओळखिले. मरण नाही म्हणून त्यांच्या पापास किंमत पडत नाही. ती किंमत माणसे भरितात. त्रोयच्या रणांगणावर झ्यूसाचा स्वतःचा पुत्र सार्पेदोन मरणार होता. झ्यूसाचे मन कळवळले; त्याने पृथ्वीवर रक्ताच्या थेंबांचा पाऊस पाडिला, असे होमर लिहितो. पण तो स्वतः उतरला नाही, आणि पुत्र मेला. ग्रीकांच्या सर्व कथांत आम्हांस ही सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. माणसाच्या मनाने देवाविषयी किती दूरवर मजल मारिली ते येथे दिसते, आणि कोठे थांबावे लागले तेही दिसते. देव रडतो, येथपर्यंत माणसाची कल्पना पोहोचली; देव आपल्यासाठी मरतो, येथपर्यंत ती पोहोचू शकली नाही. ते कळण्यास देवानेच यावे लागले.

लुस्त्रकरांची आशा खोटी नव्हती; तिने फक्त चुकीच्या माणसास हार घातला. देव माणसाच्या रूपाने उतरला, हे खरेच आहे. पण वेष पालटून, परीक्षा पाहून, घेऊन जाण्यासाठी उतरला नाही. गव्हाण ते वधस्तंभ असा तो खरोखर माणूस झाला. गेथशेमाने बागेत त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भूमीवर पडला, आणि तो तेथून मागे फिरला नाही. आजीचे वाक्य येथे उलटे होते. ग्रीकांच्या देवांत आपली सर्व पापे होती, आपले मरण तेवढे नव्हते. प्रभू येशू ख्रिस्तात आपले एकही पाप नव्हते, आणि आपले मरण त्याने आपले म्हणून घेतले. म्हणूनच अपूर्ण माणसास त्याच्यापुढे येण्याची भीती नाही. आणि तो तिसऱ्या दिवशी उठला. त्याचे अमरत्व मरणातून पार होऊन आलेले आहे.

तर प्रियांनो, ह्या आठवड्यात तीन गोष्टी करा. प्रार्थनेस बसण्यापूर्वी स्वतःस विचारा, मी ज्याला हाक मारितो तो माझा पिता आहे की माझ्याच रागालोभाची मोठी केलेली प्रतिमा आहे? तुमच्याकडे आलेला नाथान, मग तो पत्नीच्या, लेकराच्या किंवा परधर्मी शेजाऱ्याच्या रूपाने का येईना, त्यास दारातून परत लावू नका. आणि दुसऱ्याच्या श्रमाचा हार तुमच्या गळ्यात पडला, तर तो त्याच दिवशी काढून ज्याचा त्यास द्या. उद्यावर टाकिल्यास त्याची किंमत एखादे लेकरू भरील.

हे प्रभो, आम्ही तुला आमच्यासारखे समजलो, ह्याची आम्हांस क्षमा कर. आणि तू आमच्यासारखा झालास, ह्यासाठी तुझी स्तुती असो. आम्हांस तुझ्यासारखे कर. आमेन.